फुप्फुसाच्या धुवणातले आकडे

कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'आयएल-सिक्स' हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोचले. रक्तातला तो आकडा वाढलेला दिसला, की नातेवाईक टॉसिलिझुमॅबसाठी औषधांची दुकाने पालथी घालत. या औषधाचा फायदा दाखवणाऱ्या ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत रुग्ण निवडले गेले ते मात्र ऑक्सिजनची पातळी आणि सीआरपी या साध्या तपासणीवरून. आयएल-सिक्सच्या आकड्यावरून नव्हे. आजार फुप्फुसात आणि मोजमाप हाताच्या शिरेतल्या रक्ताचे, ही त्या आकड्याची मुळातली अडचण.

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप. इंटरल्यूकिन-८ पांढऱ्या पेशींना बोलावून घेते, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ दाह भडकवतात, इंटरल्यूकिन-१० तो आवरते. यांतले बरेच निरोप शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीच असतात. रक्तात दिसते ते बहुधा त्यातून सांडलेले. म्हणून संशोधक थेट फुप्फुसात उतरतात. ब्रॉन्कोस्कोपची लवचीक नळी श्वासनलिकेच्या एका बारीक फांदीत टेकवून १०० ते ३०० मिलिलिटर सलाइन टप्प्याटप्प्याने सोडायचे आणि लगेच परत ओढून घ्यायचे. हे झाले फुप्फुसाचे धुवण.

१९७१मध्ये स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एलायझा पद्धतीत एका खड्ड्यात एकच पदार्थ मोजता येतो. वीस सायटोकाइन पाहायचे तर वीस वेळा नमुना खर्च. मल्टिप्लेक्स तपासणीने हे गणित बदलले. तिच्या एका प्रचलित प्रकारात तांबड्या रक्तपेशीहूनही किंचित लहान असे प्लास्टिकचे मणी वापरतात. दोन रंगांच्या दहा-दहा छटा मिसळल्या की शंभर प्रकारचे मणी ओळखता येतात. प्रत्येक प्रकारावर वेगळे प्रतिपिंड, म्हणजे प्रत्येक मणी आपापलेच सायटोकाइन पकडतो. एक लेझर मणी कोणता ते ओळखतो, दुसरा त्यावर किती माल चिकटला ते चकाकीवरून मोजतो. एक-दोन थेंबांत डझनावारी आकडे हाती येतात, तेही पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक.

आकडे इतके नेमके, पण ते कशाचे? तांदळाचे धुवण किती दाट निघेल, हे पाणी किती घातले त्यावर ठरते. इथेही तसेच. फुप्फुसाच्या अस्तरावरचा द्रव जेमतेम पातळ थराइतका. सलाइनमध्ये तो कितीतरी पटींनी विरतो. शिवाय एका रुग्णात निम्म्याहून अधिक सलाइन परत येते, तर सीओपीडी झालेल्यात फार थोडे. मग दोघांचे आकडे शेजारी मांडायचे कसे?

१९८६मध्ये यावर युरियाचा उपाय पुढे आला. युरिया रक्तातून फुप्फुसाच्या द्रवात सहज पाझरतो आणि दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. समजा, रक्तात तो ३० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच धुवणात अर्धा मिलिग्रॅम निघाला, तर द्रव साठपट विरला. युक्ती नामी, पण सलाइन आत रेंगाळले तर रक्तातला युरिया पाझरतच राहतो आणि हिशेब चुकतो. ज्या गंभीर रुग्णांत हे मोजण्याची खरी निकड, त्यांच्याच फुप्फुसांच्या भिंती गळक्या झालेल्या असतात.

पुढची झटापट प्रयोगशाळेत. चिकट कफ मण्यांचे गठ्ठे करतो, म्हणून नमुना आधी यंत्रात फिरवून स्वच्छ करावा लागतो. तो वारंवार गोठवून वितळवला तर काही सायटोकाइन घटतात. त्याच खड्ड्यात इंटरल्यूकिन-८ मोजपट्टीच्या वर जाते आणि इंटरल्यूकिन-१० तिच्या खाली राहते. एकासाठी नमुना पातळ करावा तर दुसरे हाती लागत नाही. दोन कंपन्यांचे किट एकाच नमुन्याचे वेगवेगळे आकडे देऊ शकतात. म्हणून एकाच किटवर, एकाच पद्धतीने घेतलेल्या नमुन्यांतला चढउतार पाहणे अधिक भरवशाचे.

असा चढउतार काय शिकवू शकतो, हे १९९९मध्ये दिसले. रानिएरी आणि सहकाऱ्यांनी एआरडीएसच्या ४४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला व्हेंटिलेटरवर तेव्हाची रूढ पद्धत, दुसऱ्याला फुप्फुस फार न ताणणारी. साधारण दीड दिवसात पहिल्या गटाच्या धुवणात इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ वाढले. दुसऱ्यात टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-८ उतरले. जीव वाचवणारे यंत्रच फुप्फुसात दाह पेटवू शकते, याचा माणसांतला हा पुरावा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत लहान श्वास देण्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. आज अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर लावताना रुग्णाची उंची मोजतात. श्वासाचे माप त्यावरूनच ठरते.

ही तपासणी मात्र अजून संशोधनाच्याच दालनात आहे. धाप लागलेल्या रुग्णात सलाइन सोडले की ऑक्सिजन आणखी घसरू शकतो. केवळ सायटोकाइनच्या आकड्यासाठी ती जोखीम घेत नाहीत. रुग्णाचे धुवण घेतले जाते ते क्षयाचे जंतू, बुरशी किंवा कर्करोगाच्या पेशी शोधण्यासाठी. नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायचे ते या अहवालांबद्दल.