काचपेटीतील एंजल मासा : जोडी, अंडी आणि पिल्लांची जोपासना

शेतीला जोडधंदा म्हटला की गाय, शेळी, कोंबडी ही नावे चटकन तोंडी येतात. अलीकडे त्यांच्या जोडीला शोभेच्या माशांचे नावही ऐकू येते. शहरात घराघरांतून, दवाखान्यांतून, दुकानांतून काचेच्या पेट्या दिसतात आणि त्यांत सोडण्यासाठी मासे लागतात. हे मासे खेड्यातल्या घराच्या पडवीतही तयार होऊ शकतात. त्यांपैकी एंजल या माशाची माहिती या लेखात दिली आहे. धंदा छोटा आहे, पण तो नीट समजून न घेता पैसे घालणाऱ्यांचे पैसे बुडतात. म्हणून फायद्याच्या आधी काम समजून घेऊ.

हा मासा कोणता?

एंजल मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. अंग चपटे, थाळीसारखे. वरखाली लांब पर. तो सिक्लिड नावाच्या कुळातला आहे. या कुळातले मासे आपल्याला अगदीच परके नाहीत. कोकण-गोव्याच्या खाड्यांतले कालुंदर याच कुळातले. केरळात त्याला करिमीन म्हणतात आणि २०१० मध्ये त्या राज्याने त्याला राज्यमासा ठरवले. तळ्यांतून सापडणारा तिलापियाही याच कुळातला.

या कुळाचा गुण म्हणजे पिल्लांची माया. रोहू, कटला अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड मात्र अंडी राखतात. कालुंदराचे नर-मादी दोघेही अंड्यांवर पहारा करतात. मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात धरून उबवते. एंजलची जोडी अंड्यांना परांनी वारा घालते, खराब अंडी वेचून काढते आणि पिल्ले तोंडात धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. खुडूक कोंबडी जशी कोणाला जवळ येऊ देत नाही, तशीच ही जोडीही त्या दिवसांत आक्रमक होते.

जोडी जुळवणे

एंजलचे नर-मादी एरवी ओळखू येत नाहीत. म्हणून एकाच वाणाची सहा ते आठ निरोगी पिल्ले आणून एका मोठ्या पेटीत वाढवावीत. आठ-दहा महिन्यांत ती वयात येतात व आपली जोडी आपणच जमवतात. दोन मासे एक कोपरा धरून इतरांना हुसकावू लागले की जोडी जमली असे समजावे आणि त्या दोघांना वेगळ्या पेटीत ठेवावे. अंडी घालण्याच्या वेळी पोटाखाली लहानशी नळी दिसते. नराची बारीक व टोकदार, मादीची जाड व बोथट. कधी दोन माद्याच जोडी करतात. त्यांची सगळी अंडी पांढरी पडतात. बियाणे निवडताना आपण रोगट कणीस बाजूला काढतो. तसेच वाकडे पर, उघडी राहिलेली कल्ल्यांची झाकणे किंवा वाकडा कणा असलेला मासा जोडीसाठी ठेवू नये.

पेटी आणि पाणी

एका जोडीला दोन फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच पेटी पुरते. तीत सुमारे ८० लिटर पाणी मावते, म्हणून बैठक भक्कम व सपाट हवी. खाली थर्माकोलचा तुकडा घालावा. तळाशी वाळू नसली तरी चालते. सफाई सोपी होते. हवेचा पंप व स्पंजाचा गाळक मात्र हवाच. पाण्याचे तापमान २६ ते २८ अंश सेल्सियस असावे. थंडीत पाणी तापवणारी स्वयंचलित कांडी लावावी.

मातीप्रमाणे पाण्यालाही सामू असतो. एंजलला ६.५ ते ७ सामूचे, मऊ पाणी मानवते. ज्या विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि भांड्याला पांढरा थर धरतो, ते पाणी जड. त्यात मोठे मासे जगतात, पण अंडी नीट फळत नाहीत. अशा ठिकाणी पहिले दोन-तीन पाऊस सोडून छपरावरचे स्वच्छ पाणी साठवावे व ते विहिरीच्या पाण्यात मिसळून वापरावे.

दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगाव्यात. विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली असेल त्या दिवशी ते पाणी पेटीत घालू नये. नळाचे पाणीही उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवून, हवा सोडून मगच वापरावे. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. शेतात फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय पेटीला हात लावू नये. फवारणीचे पिंप, बादली, नळी माशांसाठी कधीही वापरू नये. आज वापरातली अनेक कीटकनाशके माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. पेटीच्या खोलीत डास मारण्याचा फवाराही मारू नये.

अंडी

पेटीत पाटीच्या दगडाचा तुकडा किंवा पी.व्ही.सी. पाइपचा तुकडा तिरपा उभा ठेवावा. जोडी आधी तो तोंडाने घासून साफ करते. मग मादी त्यावर ओळीने अंडी चिकटवत जाते आणि नर मागोमाग ती फळवत जातो. एका वेळी साधारण दोनशे ते चारशे अंडी मिळतात.

नवी जोडी पहिल्या एक-दोन वेळा आपलीच अंडी खाते. त्यामुळे निराश होऊन जोडी विकून टाकू नये. गडबड, उजेडाची उघडझाप, पेटीजवळ मुलांची वर्दळ यांनीही मासे बिथरतात.

अंडी आईबापांजवळ ठेवावीत की काढावीत? घरच्या हौसेसाठी एखादी जोडी असेल तर जवळच ठेवावीत. पाहण्यासारखा सोहळा असतो. विक्रीसाठी पिल्ले हवी असतील तर पाटी उचलून २०-२५ लिटरच्या दुसऱ्या पेटीत ठेवावी. पाणी मूळ पेटीतलेच घ्यावे. त्यात फिकट निळा रंग येईल इतके मिथिलिन ब्ल्यू घालावे. त्याने बुरशी आवरते. अंड्यांशेजारी हवेचे बारीक बुडबुडे सोडावेत. परांच्या वाऱ्याचे काम ते करतात. पांढरी पडलेली अंडी फळत नाहीत. ती ड्रॉपरने काढून टाकावीत. अंडी काढून घेतलेली जोडी चांगल्या खुराकावर साधारण दोन आठवड्यांत पुन्हा अंडी घालते.

पिल्लांचे पहिले पंधरा दिवस

दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले पाटीलाच चिकटून शेपट्या हलवत राहतात. पोटाच्या पिवळ्या पिशवीवर त्यांचे भागते, म्हणून यावेळी काहीही खायला घालू नये. साधारण पाच दिवसांनी ती मोकळी पोहू लागतात. खरी कसोटी इथून सुरू होते. बहुतेक पिल्ले मरतात ती याच दिवसांत, एकतर उपाशी राहून किंवा उरलेल्या खाण्याने नासलेल्या पाण्यात.

सर्वांत उत्तम खाद्य आर्टेमियाचे. हा मिठाच्या पाण्यातला बारीक जीव. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ विरघळवून त्यात चिमूटभर अंडी टाकावी. जोरात हवा आणि उजेड द्यावा. २४ ते ३६ तासांत नारिंगी रंगाचे बारीक जीव निघतात. हवा बंद केली की टरफले वर तरंगतात. खालचे जीव नळीने काढून, दाट कापडातून गाळून, साध्या पाण्याने धुऊन पिल्लांना द्यावेत. पिल्लांची पोटे नारिंगी दिसली की ती पोटभर खाल्ली असे समजावे. दिवसातून चार वेळा, थोडेथोडे द्यावे. उकडलेल्या अंड्याचा बलक अगदी अडचणीच्या वेळीच, तोही कणभर. त्याने पाणी लगेच सडते. हाच क्रम रोज पाळायचा असल्यामुळे आज घातलेल्या अंड्यांची दुसरी बाटली उद्यासाठी तयार हवी.

तळाचा गाळ रोज काढावा. त्यासाठी सलाइनची नवी नळी फार उपयोगी; तिच्या चाकाने धार बारीक करता येते. काढलेल्या पाण्याइतकेच, त्याच तापमानाचे मुरवलेले पाणी हळूहळू घालावे. दोन-तीन आठवड्यांनी पिल्ले मोठ्या पेटीत विरळ करावीत. दाट पेरलेले पीक जसे खुरटते, तशीच दाटीत पिल्ले खुरटतात व पर आखूड राहतात. दीड-दोन महिन्यांत ती नाण्याएवढी होतात आणि विक्रीला येतात.

वीज गेली की पंप बंद पडतो. बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ ठेवावा. तो नसेल तर तांब्याने पेटीतलेच पाणी काढून हलक्या हाताने पुन्हा ओतत राहावे, आणि वीज येईपर्यंत खाणे देऊ नये.

पैसे घालण्यापूर्वी

मासा पेटीत तयार होतो, पण पैसा गिऱ्हाइकाकडून येतो. म्हणून आधी जवळच्या शहरातल्या दोन-तीन दुकानदारांना भेटावे. कोणता वाण, किती आकाराचा, महिन्याला किती नग लागतात ते विचारावे. मग एका जोडीने सुरुवात करावी. दोन वेळची पिल्ले विकून पाहिल्याशिवाय दुसरी जोडी घेऊ नये.

महागड्या जोड्या घ्या, सगळी पिल्ले आम्हीच परत विकत घेऊ, असे सांगणारे भेटतील. २०१२ च्या सुमारास इमूच्या धंद्यात आणि २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीच्या धंद्यात असल्याच वचनांवर किती घरे बुडाली, हे आपल्याला ठाऊक आहे. कागदावरच्या हमीपेक्षा बाजारातले दोन रोखीचे गिऱ्हाईक बरे.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी अनुदान ठेवले गेले. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. योजना व अटी बदलत असतात, म्हणून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करूनच पाऊल टाकावे.

शेवटी एक विनंती. नको झालेला मासा विहिरीत, ओढ्यात, तळ्यात सोडू नका. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया बाहेर पसरला आणि अनेक तळ्यांत मूळच्या माशांना भारी झाला. पेटीतला मासा पेटीतच राहू द्यावा. रोज सकाळ-संध्याकाळ तासभर नेमाने देणारे माणूस ज्या घरात आहे, त्या घराने हे काम जरूर करून पाहावे. घरात तेवढी सवड नसेल, तर पेटी केवळ शोभेसाठी ठेवावी. त्यातही आनंद आहेच.