भावाची पाटी, शाळेची पाटी

बाजार म्हटला की नाशिककर बायकांना आठवतो तो बुधवार! गोदाघाटावर खेड्यापाड्यांतून आलेल्या मावश्या, पुढ्यात गोणपाटावर मेथीच्या जुड्या, वाल, गवार, पावसाळ्यात रानभाज्या. ‘‘कशी दिली गं मावशी?’’ इथपासून ‘‘बरं, वर चार मिरच्या तरी टाक’’ इथपर्यंत सगळे संवाद आपल्याला तोंडपाठ. त्यामुळे अमेरिकेत लेकीकडे गेले असताना ती म्हणाली, ‘‘आई, शनिवारी तुला आमिश लोकांचा बाजार दाखवते,’’ तेव्हा सगळ्यांत आधी कापडी पिशवी घेऊन तयार झाले ती मीच.

गाव लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया राज्यातलं. गावाबाहेरच्या रस्त्यावर आमच्या मोटारीपुढे चक्क एक करड्या रंगाची घोडागाडी चाललेली. मागून येणाऱ्यांना दिसावा म्हणून तिच्या पाठीवर केशरी त्रिकोण. जावई शांतपणे तिच्या मागे मागे. हॉर्न नाही, घाई नाही.

हे आमिश मूळचे युरोपातले. १६९३ च्या सुमारास याकोब आमान नावाच्या धर्मोपदेशकाच्या मागे निघालेला ख्रिस्ती लोकांचा हा एक पंथ. छळाला कंटाळून अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात आले. आज त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे. स्वतःची मोटार ठेवायची नाही, घरात सार्वजनिक वीज घ्यायची नाही, अंगावर साधे एकरंगी कपडे. कोणती नवी वस्तू चालेल आणि कोणती नाही, हे त्यांची मंडळी एकत्र बसून ठरवतात. त्यामुळे भाड्याच्या व्हॅनमधून बाजाराला येणं चालतं, व्हॅन विकत घेणं चालत नाही!

लँकेस्टरचं सेंट्रल मार्केट म्हणजे १८८९ साली बांधलेली लाल विटांची देखणी इमारत. बाजार मात्र त्याहून जुना, अठराव्या शतकापासून भरत आलेला. सगळेच गाळे काही आमिशांचे नाहीत, पण पांढरी टोपी घातलेली बाई दिसली की ओळखायचं. लोण्यात माखलेले गरम प्रेट्झेल, बरण्यांतून मांडलेली लोणची, तासन्तास आटवलेला सफरचंदाचा गोड लगदा (त्याला ते ‘अॅपल बटर’ म्हणतात, लोणी त्यात नावालाही नाही). आणि ‘शूफ्लाय पाय’. एक घास खाल्ला आणि म्हटलं, अगं, ही तर काकवी! उसाच्या काकवीच्याच जातकुळीतल्या मोलॅसिसचं सारण असतं त्यात. परमुलखात असं ओळखीचं कुणी भेटलं की किती बरं वाटतं!

मी जिच्यापाशी थांबले ती बाई माझ्याच वयाची असावी. टोमॅटो, मक्याची कणसं, बीट. प्रत्येक ढिगाजवळ खडूने भाव लिहिलेली छोटीशी पाटी. ‘‘आई, इथे घासाघीस नाही हं,’’ लेक आधीच कुजबुजली. फोटो काढायचा नाही, हेही तिने बजावलं होतं. असा फोटोला उभं राहणं त्यांच्या धर्मात बसत नाही.

त्या पाटीकडे मी बराच वेळ बघत राहिले. पिकवणाऱ्या घराने आपल्या हाताने लिहिलेला भाव! आमच्या जिल्ह्यात कांद्याचा लिलाव लासलगावला, टोमॅटोचा पिंपळगावला. भाव पुकारणार व्यापारी, शेतकरी नुसता ऐकणार. भाव पडला की टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतलेले आपण पाहिलेत. बुधवारच्या बाजारातल्या मावशीचा माल ती स्वतःच विकते खरी, पण तिचा भाव शेवटी आपण पाडतोच ना!

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा हिशेब केला तो बाईशेजारच्या मुलीने. चौदा वर्षांची असेल. कागदी पिशवीवर पेन्सिलीने भराभर आकडे मांडले, क्षणात बेरीज. मला फार कौतुक वाटलं. लेकीला म्हटलं, विचार तिला, कितवीत आहेस? मुलगी हसून म्हणाली, ‘‘माझी शाळा झाली.’’

आमिश मुलं आठवीपर्यंतच शिकतात. बहुतेकांची एकखोलीची शाळा, शिकवायलाही बहुधा त्यांच्यातलीच, आठवी झालेली तरुण मुलगी. विस्कॉन्सिन राज्यात पुढे शाळेत न पाठवल्याबद्दल तीन पालकांना पाच-पाच डॉलर दंड झाला, ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७२ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. धर्मस्वातंत्र्य महत्त्वाचं ठरलं. पण न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी काही अंशी वेगळं मत दिलं. त्यांचं म्हणणं, आईबापांचं ऐकलंत, त्या मुलांना काय वाटतं तेही ऐकायला हवं.

ती मुलगी दुःखी दिसत नव्हती, हे सांगायलाच हवं. घरची शेती, पाठीशी सगळा समाज. त्यांच्यातल्या बऱ्याच बायका स्वतःची दुकानं चालवतात. तरी एवढी झरझर बेरीज करणारी ती पोर माझ्या मनातून जाईना.

कारण ती मला नवी नव्हती. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदाही वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंतच सक्ती करतो. पुढे मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत. पण एसटीचं भाडं, धाकटी भावंडं, आईची मजुरी, लग्नाची घाई या सगळ्यांतून वाट काढून नववीच्या वर्गात पोचायचं असतं. आमिश मुलगी थांबते ती तिच्या समाजाने ठरवलं म्हणून. आपल्याकडची थांबते ती कुणीच काही ठरवलं नाही म्हणून. एकीची शाळा ‘होते’, दुसरीची सुटते.

तेव्हा मैत्रिणींनो, बुधवारी घाटावर जाल तेव्हा मावशी सांगेल तो भाव द्या, दोन-पाच रुपयांनी आपलं काही अडत नाही. आणि तिच्या शेजारी बसून सुटे पैसे मोजणारी पोर दिसली, तर नववीत नाव घातलं का, एवढं जरूर विचारा. मावशीला नव्हे, त्या पोरीलाच.