नैरोबीत शहीद झालेला गोवेकर

कोकणी मुसलमानांच्या घरात आफ्रिकेचे नाव नवे नाही. आपल्याकडची माणसे बोटीने केप टाउनला गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच झाली. आज आमच्या विचुंबे-पनवेल भागात आखाताच्या व्हिसाची चर्चा जास्त. परमुलखात गेलो की नोकरी, घरी पाठवायचे पैसे आणि आपली जमात, एवढ्यात बहुतेकांचे आयुष्य सरते. त्यात दोषही नाही. पण पनवेलचा महामार्ग ज्या गोव्यात उतरतो, तिथल्या एका माणसाने वेगळी वाट धरली. त्यांचे नाव पियो गामा पिंटो.

गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातले पिंटो 31 मार्च 1927 रोजी नैरोबीत जन्मले. आठव्या वर्षी शिक्षणासाठी ते हिंदुस्थानात आले. पुढे मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी करताना संपात उतरले. गोवामुक्तीच्या चळवळीत पडल्यावर पोर्तुगीजांच्या अटकेची वेळ आली, तेव्हा 1949 मध्ये ते केनियाला परतले.

तिथे इंग्रजांचे राज्य होते. सुपीक जमिनी गोऱ्यांकडे, दुकाने आणि कचेऱ्यांतली कारकुनी बहुतांशी आशियाईंकडे, आणि मूळ रहिवासी मजूर. मधल्या पायरीवर बसलेल्या आपल्या लोकांनी बहुधा गप्प राहणेच पसंत केले. पिंटो मात्र माऊ माऊ बंडखोरांना गुपचूप मदत पोहोचवू लागले. जानेवारी 1954 मध्ये एमा यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि जूनमध्ये त्यांना अटक झाली. मांडा बेटावरची कैद आणि नंतरची स्थानबद्धता मिळून पाच वर्षे गेली. नवी नवरी एकटीच राहिली. सुटून आल्यावरही हा गृहस्थ कैद्यांच्या कुटुंबांसाठी पैसे गोळा करत फिरला!

12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. पुढच्या वर्षी पिंटो संसदेत गेले. गोरे गेले, पण जमिनी नव्या सत्ताधाऱ्यांच्या घशात चालल्या होत्या. पिंटोंनी आपल्याच पक्षातल्या लोकांविरुद्ध आवाज उठवला. आम्हाला त्यांची खरी कसोटी हीच वाटते. परक्याच्या जुलमाविरुद्ध लढताना निदान आपले लोक पाठीशी असतात; इथे तेही नव्हते.

1964 मध्ये हजहून परतलेले माल्कम एक्स, म्हणजेच अल-हाज मलिक अल-शाबाझ, त्याच वर्षीच्या आफ्रिका दौऱ्यात नैरोबीला आले. तिथे या दोघांची दोस्ती जमली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा प्रश्न आफ्रिकी देशांनी संयुक्त राष्ट्रसंघात न्यावा, असा दोघांचा विचार होता. 21 फेब्रुवारी 1965 रोजी न्यूयॉर्कमध्ये माल्कम यांना गोळ्या घातल्या गेल्या. तीनच दिवसांनी, 24 तारखेच्या सकाळी, नैरोबीत घराच्या फाटकाशी पिंटोंनाही. गाडीत त्यांची लहानगी मुलगी होती. वय अवघे 37.

किसिलु मुटुआ या तरुणाला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेपेत बदलली. आपण निर्दोष आहोत असे सांगत तो 2001 पर्यंत तुरुंगात राहिला. कट रचणाऱ्यांवर खटला कधीच चालला नाही. एमा तीन मुलींना घेऊन कॅनडात गेल्या. 2008 मध्ये केनियाने पिंटोंचे टपाल तिकीट काढले.