ताईनं दिलेली यादी

शेवटची परीक्षा संपली की आमच्या नर्सिंग हॉस्टेलच्या जिन्यात गाद्यांच्या वळकट्या दिसायला लागतात. गादी कुणी गावाला नेत नाही. बादली, टेबलफॅन, कपडे वाळत घालायची दोरी, सगळं धाकट्या मुलींच्या नावावर होतं आणि ताया दोन-दोन बॅगा घेऊन वल्लभनगरचं एसटी स्टँड गाठतात. यंदा माझी ताई गेली. ती यवतमाळ जिल्ह्यातली, मी उदगीरकडची. नातं नाही, गाव एक नाही. मी पहिल्या वर्षाला आले तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती, एवढीच आमची ओळख. पण नर्सिंग मला जेवढं मॅडमनी शिकवलं तेवढंच तिनं शिकवलं, हे मी कुणासमोरही सांगेन.

आमचं हॉस्टेल पुण्याजवळच्या संत तुकारामनगरात आहे. ही वस्ती बाहेरच्याला दवाखान्यांमुळे माहीत असते. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथं आहे, डी. वाय. पाटील विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय इथंच आहे. 2022 च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून स्टेशनलाही याच वस्तीचं नाव आहे. सकाळी सातच्या आधी युनिफॉर्म घालून, केसांचा घट्ट अंबाडा बांधून रांगेनं चालणाऱ्या मुली इथल्या लोकांना रोज दिसतात. त्या मुली एकमेकींना कशा सांभाळतात, ते मात्र हॉस्टेलच्या गेटच्या आतच राहतं.

एक प्रसंग सांगते. सर्जिकल वॉर्डातली माझी पहिली पोस्टिंग होती. प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला एक कामगार होता, माझ्याच वयाचा. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात असे पेशंट नवे नाहीत, पण मला ते नवं होतं. ड्रेसिंग सोडलं आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ताई शेजारच्या बेडपाशी होती. तिनं माझं कोपर धरलं, बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं, खिशातलं पार्ले-जी दिलं. मग म्हणाली, “आता परत आत चल. आज नाही गेलीस तर उद्या जास्त जड जाईल. हाताकडं नको बघू, आधी त्याच्या तोंडाकडं बघ, त्याला नाव विचार.” मी गेले, नाव विचारलं. तोही घाबरलेला होता. जखमेआधी माणसाशी बोलायचं, हे पुस्तकात लिहिलेलं होतंच. हातात ते त्या दिवशी आलं.

अमेरिकेतल्या कॉलेजांत अशा नात्याला रीतसर संस्थेचं रूप आहे. तिथं त्याला सोरोरिटी म्हणतात. जॉर्जिया राज्यातल्या मेकन इथं 1851 साली मुलींची अशी पहिली मंडळी जमली. पुढं मुलं-मुली एकत्र शिकू लागली, पण मुलांच्या मंडळांत मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी आपली मंडळं काढली. 1908 साली हॉवर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्वतःचं मंडळ उभं केलं. नव्या मुलीला एक थोरली बहीण नेमून देतात आणि ती पदवी घेऊन निघाली की तिचा निरोपसमारंभ होतो. आपल्याकडं ना मंडळ, ना नेमणूक. ‘ताई’ म्हटलं की पुढचं सगळं आपोआप सुरू होतं.

आणि आपल्याकडं हे आज सुरू झालेलं नाही. 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. परक्या देशात आपल्या माणसानं समोर बसलेलं असणं म्हणजे काय, ते घर सोडून शिकायला आलेल्या मुलीला विचारा. आनंदीबाई पुढच्याच वर्षी, 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. 11 मार्च 1889 ला, म्हणजे त्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत रमाबाईंची शारदा सदन ही शाळा उघडली. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक विधवा मुलगी होती. याच पुढं धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन निघालं. रमाबाई रानड्यांनी तिथून मुलींना नर्सिंगकडं वळवलं, तेव्हा चांगल्या घरातली मुलगी दवाखान्यात काम करते हे लोकांना सहन होत नव्हतं. त्या पहिल्या मुली रात्रपाळीहून परत आल्यावर एकमेकींशी काय बोलल्या असतील, याचा विचार माझ्या मनात बऱ्याचदा येतो.

सीनिअर म्हटलं की पालकांच्या मनात आधी रॅगिंग येतं. ती भीती खरी आहे, कुणी ती उडवून लावू नये. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. 2009 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. त्यांतली एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मोठा विद्यार्थी मार्गदर्शक असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांवर वरच्या वर्षाचा एक. म्हणजे धाक रोखायचा तर नुसती शिक्षा पुरत नाही, त्या जागी माया उभी करावी लागते, हे नियम करणाऱ्यांनाही कळलं होतं. कागदावर नावं लिहून ते होत नाही. ते व्हायला रात्री अकरा वाजता केअर प्लॅन अपुरा राहिलेल्या मुलीच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं. तिला लिहून द्यायचं नाही, फक्त जागं राहायचं. आमच्या ताईची हीच पद्धत होती.

आमच्याकडं फेअरवेल तिसऱ्या वर्षानं द्यायची असते. साड्या, गजरे, केक, ‘मिस फेअरवेल’चा पट्टा, दहापर्यंत गाणी. हे सगळं मला आवडतं. चार वर्षं पांढऱ्या युनिफॉर्मात राहिलेल्या मुली त्या दिवशी पैठणी नेसून येतात, तेव्हा त्यांना बघत राहावंसं वाटतं. पण मला वाटतं, त्यात अर्धा तास चार्ज द्यायलाही ठेवावा. वॉर्डात शिफ्ट बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला बेडपाशी उभं राहून सगळं सांगते: कुणाची सलाईन कधी संपेल, कुणाला रात्री ताप आला, कुणाचे नातेवाईक अजून आले नाहीत. ते सांगितल्याशिवाय ती घरी जात नाही. जाणाऱ्या बॅचनं हॉस्टेलचा चार्जही असाच द्यायला हवा.

माझ्या ताईनं दिला. समारंभ आटोपल्यावर साडी न बदलताच ती माझ्या खोलीत आली आणि वहीचा एक कागद पुढं केला. आमच्या मजल्यावरच्या पहिल्या वर्षाच्या मुली, एकेकीपुढं एकेक ओळ. एकीला दमा आहे, इनहेलर कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. एक इंग्रजीला घाबरते आणि शरीररचनेचं पुस्तक मराठीत समजावलं की पटकन धरते. एकीचे वडील ऊसतोडीला जातात, फीचा हप्ता येईस्तोवर ती मेसमध्ये कमी जेवते. तिला विचारायचं नाही, सोबत बसायचं आणि वाढायचं. एकीला घरून लग्नासाठी फोन येतात. तिनं परीक्षेआधी घरी जाऊ नये, गेली तर तिच्याबरोबर कुणीतरी जावं. मी रडत होते. ती म्हणाली, “रडून घे, पण आधी वाच. काही कळलं नाही तर आत्ता विचार, मी आहे तोवर.” मग आम्ही पहाटेपर्यंत एकेका नावावर बोलत बसलो. माझ्याविषयी तिनं कुणाला सांगून ठेवलं होतं, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. दुसऱ्या विंगमधली तिची मैत्रीण, जी अजून महिनाभर इथंच थांबणार होती, चहा घेऊन आली आणि म्हणाली, “तू जेवलीस का, ते बघायला सांगितलंय.”

आता ताईचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं गेलंय. नंबर आला की ती गावाजवळच्या दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून लागेल. इथं पुण्यात पगार जास्त मिळाला असता, पण तिला तिकडंच जायचं होतं. यादीतल्या इंग्रजीला घाबरणाऱ्या मुलीची गुरुवारी बीपी घेण्याची प्रॅक्टिकल आहे. बीपी तिला घेता येतं, पण समोर परीक्षक असले की तिला शब्द सुचत नाहीत. म्हणून रोज रात्री जेवणानंतर मी पेशंट होऊन झोपते आणि ती माझ्या दंडाला पट्टा बांधून सगळं मोठ्यानं बोलून दाखवते, आधी मराठीत, मग इंग्रजीत.