दीर्घ पल्ल्याच्या डोंगरी धावशर्यतीनंतरची शारीरिक पुनर्प्राप्ती : एक विवेचन

सारांश : दीर्घ पल्ल्याची डोंगरी शर्यत पूर्ण केल्यानंतर धावपटूच्या शरीरातील निरनिराळ्या व्यवस्था निरनिराळ्या वेगाने पूर्वपदावर येतात. स्नायूंची वेदना सर्वप्रथम शमते. मात्र वेदना थांबली म्हणजे शरीर सावरले, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. स्नायू, मूत्रपिंडे, झोप व प्रतिकारशक्ती यांच्या पुनर्प्राप्तीचे स्वरूप आणि त्यासंबंधीचे प्रचलित उपाय यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजशब्द : डोंगरी धावशर्यत, पुनर्प्राप्ती, स्नायू-इजा, वेदनाशामके, विश्रांती

प्रस्तावना :

गेल्या काही वर्षांत रस्त्यावरील मॅरेथॉनच्या जोडीने डोंगरवाटांवरील धावशर्यती, म्हणजेच ‘ट्रेल रनिंग’, महाराष्ट्रात रुजल्या आहेत. पुण्याजवळील सिंहगड, राजगड व तोरणा या किल्ल्यांना जोडणाऱ्या मार्गावर होणारी शर्यत हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा शर्यतींत महाविद्यालयीन विद्यार्थी, प्राध्यापक आणि नोकरदार मोठ्या हौसेने भाग घेतात. शर्यतीपूर्वी कित्येक महिने सराव केला जातो. परंतु शर्यतीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांचे नियोजन क्वचितच केले जाते. रविवारी शर्यत संपते, सोमवारी कामावर हजेरी लागते आणि पाय दुखायचे थांबताच पुढील स्पर्धेची तयारी सुरू होते. ही घाई कितपत योग्य आहे, याचा विचार शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. उताराचा आघात :

डोंगरी शर्यतीत चढ अधिक दमवतो, असा सर्वसाधारण समज आहे. श्वास आणि हृदय यांच्यापुरता तो खराही आहे. परंतु स्नायूंची खरी हानी उतारावर होते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत बळ लावतो. उतरताना मात्र शरीराचा भार रोखून धरण्यासाठी तो ताणला जात असतानाच बळ लावत असतो. अशा प्रकारच्या कामात स्नायुतंतूंची सूक्ष्म रचना ठिकठिकाणी फाटते. त्यानंतर तेथे सूज येते, दाह होतो आणि दुरुस्तीचे काम सुरू होते. शर्यतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते, ते याच कारणामुळे.

या आघाताचे प्रमाण समजण्यासाठी युरोपातील एका अभ्यासाचा आधार घेता येईल. फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी शर्यत २००३ पासून शामोनी येथे भरते. तेथील १६६ किलोमीटर अंतर आणि ९,५०० मीटर चढ व तेवढाच उतार असलेल्या शर्यतीतील २२ अनुभवी धावपटूंची तपासणी गियोम मिले व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शर्यत संपताच गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची कमाल शक्ती सरासरी ३५ टक्क्यांनी, तर पोटरीच्या स्नायूंची ३९ टक्क्यांनी घटलेली आढळली. स्नायुतंतू फाटल्यावर रक्तात उतरणाऱ्या क्रिएटिन कायनेज या विकराचे प्रमाण लिटरमागे सरासरी १४४ एककांवरून १३,६३३ एककांवर पोहोचले होते.

शक्ती घटण्याचे कारण केवळ स्नायूंत नव्हते, हेही या अभ्यासातून दिसून आले. मेंदूकडून स्नायूंना मिळणारी चालनासुद्धा मंदावली होती. म्हणजेच शर्यतीचा थकवा हा स्नायूंचा आणि मज्जासंस्थेचा, असा दुहेरी असतो.

२. पुनर्प्राप्तीचा कालक्रम :

याच अभ्यासात ११ धावपटूंची शर्यतीनंतर दुसऱ्या, पाचव्या, नवव्या व सोळाव्या दिवशी पुन्हा तपासणी करण्यात आली. पुनर्प्राप्तीचा बराचसा भाग पहिल्या नऊ दिवसांत पूर्ण झाला आणि सोळाव्या दिवशी शक्ती मूळ पातळीवर आली. याउलट स्नायूंची वेदना साधारणतः २४ ते ७२ तासांत कमाल पातळी गाठते आणि आठवडाभरात ओसरते. वेदना शमणे आणि शक्ती परत येणे यांत असे अनेक दिवसांचे अंतर पडू शकते. हेच दिवस सर्वाधिक फसवे असतात. धावपटूला बरे वाटत असते, परंतु स्नायू भार पेलण्यास पूर्णपणे सिद्ध नसतो. परिणामी तो भार गुडघे, घोटे व स्नायुबंध यांवर पडतो.

शिवाय स्नायूंची शक्ती परतली म्हणजे सर्व शरीर सावरले, असेही नाही. स्नायुबंधांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांची दुरुस्ती मंदगतीने होते. हाडांची पुनर्रचना तर कित्येक आठवडे चालते. म्हणूनच एखाद्या ठिकाणी बोटाने दाखविता येण्याजोगी आणि भार दिल्यावर वाढणारी वेदना असेल, तर ती सर्वांगाच्या ठणक्याहून वेगळी मानून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

पुनर्प्राप्तीचा काळ केवळ अंतरावर ठरत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. इटलीतील ‘तोर दे झेआँ’ ही शर्यत सुमारे ३३० किलोमीटरची व २४,००० मीटर चढाची आहे. तरीही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील धावपटूंच्या स्नायूंची शक्ती माँ ब्लाँच्या शर्यतीपेक्षा कमी घटलेली आढळली. संथ वेग आणि प्रारंभापासून राखलेला संयम हे त्याचे कारण असावे, असे अभ्यासकांनी मानले. त्याचप्रमाणे आधी उतारावर सराव केलेल्या स्नायूंना पुढील काही आठवडे तशाच श्रमांनी कमी इजा होते. पुनर्प्राप्तीची तयारी अशा रीतीने शर्यतीपूर्वीच सुरू होते.

३. पाणी, मूत्रपिंडे आणि वेदनाशामके :

शर्यतीनंतरचे पहिले दोन दिवस मूत्रपिंडांच्या दृष्टीने नाजूक असतात. फुटलेल्या स्नायुतंतूंतून मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात येते व मूत्रपिंडांतून बाहेर पडते. शरीरातील पाणी कमी झालेले असताना हे काम मूत्रपिंडांवर ताण आणते. अशा वेळी अंगदुखी घालविण्यासाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेण्याची सवय अनेकांना असते. ही औषधे मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवितात. एका दिवसात ५० मैल धावणाऱ्या ८९ धावपटूंच्या २०१७ मधील अभ्यासात आयबुप्रोफेन घेतलेल्या गटात ५२ टक्क्यांना, तर निष्प्रभ गोळी घेतलेल्या गटात ३४ टक्क्यांना मूत्रपिंडाची तात्कालिक इजा झालेली आढळली. अमेरिकेतील ‘वेस्टर्न स्टेट्स’ या १६० किलोमीटरच्या शर्यतीवरील २००६ च्या अभ्यासात तर या गोळीने स्नायूंची वेदना कमी झालेली दिसली नाहीच. उलट दाहाचे निदर्शक वाढलेले आढळले. ज्या लाभासाठी धोका पत्करला जातो, तो लाभच येथे संदिग्ध आहे.

पाण्याच्या बाबतीत दुसरे टोकही घातक आहे. तहान नसताना केवळ साधे पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातील सोडियम विरळ होते. डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे पाण्याच्या कमतरतेसारखीच भासतात आणि आणखी पाणी दिल्यास प्रकृती अधिक बिघडते. म्हणून तहानेनुसार पाणी पिणे आणि त्यासोबत मीठयुक्त आहार घेणे हे धोरण सुरक्षित ठरते. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद होणे, लघवी अत्यल्प होणे, उलट्या न थांबणे किंवा भान हरपणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णालय गाठावे आणि आपण शर्यत धावून आलो आहोत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अन्यथा रक्ततपासणीतील आकडे दिशाभूल करू शकतात.

४. आहार आणि झोप :

स्नायूंतील ग्लायकोजनचा साठा एरवी पुरेशा कर्बोदकांनी दिवसभरात भरून निघतो. परंतु इजा झालेल्या स्नायूंत ही भरपाई मंदावते. त्यामुळे एका भरपेट जेवणाने काम भागत नाही. पुढील तीन-चार दिवस आहार सकस असावा लागतो. यासाठी महागड्या चूर्णांची आवश्यकता नाही. मऊ भात व वरण, खिचडी, भाकरी व पिठले, केळी, दूध, दही, अंडी यांतून कर्बोदके व प्रथिने दोन्ही मिळतात. प्रथिने एकाच वेळी अधिक घेण्याऐवजी दर जेवणात २० ते २५ ग्रॅम अशी विभागून घेणे हितावह असते. मद्यपानाने पाण्याची व स्नायूंची भरपाई रेंगाळते, ते टाळावे.

झोप हा पुनर्प्राप्तीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक उपेक्षित घटक आहे. रात्रभर धावलेल्या व्यक्तीची सावधानता व प्रतिक्रियेचा वेग घटलेला असतो. अशा स्थितीत स्वतः वाहन चालवीत घाट उतरून घरी परतणे हे शर्यतीतील कोणत्याही कड्याइतकेच धोकादायक आहे. परतीच्या वाहनाची व चालकाची व्यवस्था आधीच करणे हा सुरक्षिततेचा अनिवार्य भाग मानला पाहिजे.

५. मालिश, थंड पाणी आणि इतर उपाय :

२०१५ च्या ‘वेस्टर्न स्टेट्स’ शर्यतीनंतर ७२ धावपटूंवर झालेल्या प्रयोगात २० मिनिटांची मालिश, हवेच्या दाबाचे यंत्र आणि केवळ उताणे पडून राहणे यांची तुलना केली गेली. मालिशीनंतर लगेच वेदना कमी वाटली. परंतु तिसऱ्या व पाचव्या दिवशी ४०० मीटर धावण्याच्या वेळेत गटागटांत फरक आढळला नाही. थंड पाण्यात बसण्यानेही ठणका काहीसा कमी होतो. सारांश, हे उपाय आराम देतात. दुरुस्तीचा कालावधी मात्र घटवितात असे सिद्ध झालेले नाही. आराम हेही मूल्य आहे, हे मान्य करूनच त्याकडे पाहावे.

६. प्रतिकारशक्ती आणि मन :

केप टाऊन येथील ५६ किलोमीटरच्या रस्त्यावरील शर्यतीनंतर दोन आठवड्यांत ३३.३ टक्के धावपटूंना सर्दी-खोकल्याची लक्षणे जाणवली. न धावलेल्या तुलनागटात हे प्रमाण १५.३ टक्के होते, असे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदविले आहे. ही सर्व लक्षणे संसर्गाचीच असतात की धूळ, कोरडी हवा, गर्दी व अपुरी झोप यांचाही त्यात वाटा असतो, याविषयी आज मतभेद आहेत. आपल्याकडील पावसाळी शर्यतींत चिखल व साचलेले पाणी यांतून लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही संभवतो. म्हणून जखमा स्वच्छ ठेवाव्यात आणि पुढील तीन-चार आठवड्यांत ताप आल्यास शर्यतीचा उल्लेख डॉक्टरांजवळ करावा.

अनेक महिने ज्या ध्येयाभोवती दिनक्रम गुंफलेला असतो, ते साध्य झाल्यावर काहींना रितेपण व उदासी जाणवते. हीच अस्वस्थता पुढील शर्यतीची घाईघाईने नोंदणी करण्यास प्रवृत्त करते. तिची आगाऊ जाणीव असणे उपयुक्त ठरते.

७. महाविद्यालयीन संदर्भ :

उपरोक्त विवेचनाचा महाविद्यालयांशी थेट संबंध आहे. मोठ्या शर्यतीनंतर आठवड्याभरात विद्यार्थ्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरविण्याचा मोह शारीरिक शिक्षण विभागाने टाळावा. ‘दुखते का?’ हा एकच प्रश्न पुरेसा नाही. कठड्याला न धरता जिना उतरता येतो का, एका पायावर दोन्ही बाजूंनी सारखी उडी मारता येते का, सकाळची नाडी नेहमीच्या पातळीवर आली का, झोप शांत लागते का, हे प्रश्नही विचारावेत. सर्वसाधारणपणे पहिल्या आठवड्यात सपाटीवर चालणे, दुसऱ्या आठवड्यात हलके धावणे, तिसऱ्या आठवड्यापासून क्रमाने वाढ आणि त्यानंतरच वेगवान उतार व स्पर्धा, असा क्रम वरील निष्कर्षांशी सुसंगत आहे. अतिदीर्घ शर्यतीनंतर किंवा नवख्या धावपटूंच्या बाबतीत हा कालावधी वाढवावा.

समारोप :

डोंगरी शर्यतीनंतर शरीर सावरते, आणि अनुभवी धावपटूंच्या बाबतीत अपेक्षेहून लवकर सावरते, ही बाब आश्वासक आहे. मात्र त्यासाठी त्याला सवड द्यावी लागते. वेदना ही पुनर्प्राप्तीची एकमेव खूण नसून ती केवळ सर्वांत आधी नाहीशी होणारी खूण आहे. गोळी घेऊन ती खूण पुसून टाकल्याने दुरुस्ती लवकर होत नाही. उलट मूत्रपिंडांवरील धोका मात्र वाढतो. पुरेसे अन्न, तहानेपुरते पाणी, भरपूर झोप आणि दोन-तीन आठवड्यांचा संयम हे उपाय साधे आहेत. सरावाच्या वेळापत्रकात शर्यतीच्या दिनांकानंतरचे हे आठवडेही लिहिले गेले, तर ते अमलात येण्याची शक्यता वाढेल. विद्यार्थ्यांना तसे वेळापत्रक आखून देणे ही मार्गदर्शक अध्यापकांची जबाबदारी आहे.