शहापूर-मुरबाडचं राज्यशास्त्र कोणत्या कपाटात?

तानसा धरण १८९२ सालचं. पुढे भातसा आलं. मुंबईची तहान भागवणारी ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात. निर्णय कोण घेतं, वाटा कुणाला मिळतो, किंमत कोण मोजतं, हे राज्यशास्त्राचे मूळ प्रश्न इथे दारात उभे आहेत. पण त्यांवर वाचायला बसलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याच्या हाती सहसा पडतात ती गाइडं आणि स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं.

शहापूरचं सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यातलं शिवळे इथलं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय मात्र कालिन्याला. शहापूरच्या मुलाला आसनगावहून लोकल तरी मिळते. मुरबाडला रेल्वेच नाही, एसटीने आधी कल्याण गाठायचं. एका संदर्भासाठी अख्खा दिवस आणि मजुरी घालवणं इथल्या मुलांना परवडत नाही. म्हणून संग्रह इथेच उभा राहायला हवा.

त्याचा पाया घालणं अवघड नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड, महात्मा फुले समग्र वाङ्मय, य. दि. फडक्यांचे ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’चे खंड, भा. ल. भोळे आणि सुहास पळशीकर यांची पुस्तकं, ग्रामीण नेतृत्वावरचा व. म. शिरसीकरांचा अभ्यास, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आणि ‘नवभारत’चे जुने अंक. इनफ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून इंग्रजी नियतकालिकं अल्प वार्षिक शुल्कात महाविद्यालयांना वाचता येतात. पैसा आणि चिकाटी असली की एवढं जमतं.

खरी उणीव आहे ती इथल्या मातीतल्या कागदांची. १९३६ च्या आदेशाने शहापूर तालुका ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रात गेला, म्हणजे विधिमंडळाचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे. डोंगरी जमातींच्या स्थितीवरचा सिमिंग्टन यांचा अहवाल त्याच दशकातला. आज शहापूर तालुका पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची मात्र काही गावंच. १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम आले, तेव्हा एखाद्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागण्याची वाट मोकळी झाली. ही सगळी साखळी एका जागी ठेवली तर राज्यघटना आपल्या शिवारात कशी उतरली, ते मुलाला पानोपानी दिसेल. शेजारी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हवं. आणि २ जानेवारी १९४३ ला मुरबाडच्या सिद्धगडावर धारातीर्थी पडलेल्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्यावर जे जे छापलं गेलं, ते सगळं हवं.

आता एक कागद जवळून पाहू. वनहक्काच्या दाव्यांना जोडलेल्या कागदांत कधी कधी जुनी दंडाची पावती सापडते. जंगलजमीन कसली म्हणून आजोबाला झालेला तो दंड. ज्या कागदाने आजोबाला गुन्हेगार ठरवलं, तोच २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर नातवाचा पुरावा झाला, कारण १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन त्याच घराच्या कब्जात होती हे त्यातून दिसतं. त्याच फायलीत म्हाताऱ्यांचे जबाब, वनहक्क समितीचा स्थळपाहणीचा पंचनामा, ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समितीचं उत्तर. राज्यसंस्था आणि नागरिक यांच्या नात्यावर याहून बोलका ग्रंथ मला माहीत नाही. आणि तो पत्र्याच्या पेटीत वाळवीच्या तोंडी पडलाय.

काळू धरणाचंही तसंच. मुरबाडमधल्या या धरणाचं काम उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये थांबवलं. न्यायालयाचा आदेश शोधून मिळेल. त्यामागे गावोगाव झालेल्या बैठका, पत्रकं, निवेदनं आज गोळा केली नाहीत तर पुढची पिढी फक्त निकाल वाचेल, लढा नाही. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनाच्या नोटिसा तर अजून लोकांच्या घरात आहेत.

मांडणीतही ग्रंथपालाला डोकं चालवावं लागेल. ड्यूईच्या दशांश पद्धतीत निवडणुका ३२४ मध्ये, स्थानिक शासन ३५२ मध्ये, जंगलजमीन ३३३ मध्ये, आदिवासी समाज ३०५ मध्ये आणि कायदा ३४० च्या घरात. पेसावर प्रकल्प करणाऱ्या मुलीने पाच कपाटं धुंडाळायची का? माझ्या मते ‘शहापूर-मुरबाड’ असं एकच कपाट वेगळं ठेवावं आणि क्रमांकांची जोड सूचीत द्यावी. जिल्ह्याच्या आकडेवारीला चिठ्ठीही लावावी: २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा पालघरसकट आहे, कारण पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. ही चिठ्ठी नसेल तर कितीतरी प्रकल्प चुकीच्या तुलनेवर उभे राहतील.

एक पथ्य पाळलंच पाहिजे. या कागदांवर लोकांची नावं, जाती, गट नंबर असतात. मूळ कागद घरच्यांकडेच राहावा, ग्रंथालयाने फक्त प्रत घ्यावी, आणि तीही लेखी संमतीने. कोणता भाग वाचकांना खुला करायचा हेही त्या घरानेच ठरवावं. ज्यांच्याकडून आजवर फक्त अंगठे घेतले गेले, त्यांच्याशी तरी ग्रंथालयाने असंच वागायला हवं.

शहापूर, किन्हवली, डोळखांब, टोकावडे, म्हसा या बाजूच्या वाचकांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं गाठोडं खाली येईल. जुनी पत्रकं, ठरावांच्या नकला, मोर्चाचे फोटो, दंडाच्या पावत्या रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना गाठा आणि त्यांची एक प्रत तिथे ठेवून घ्यायला सांगा.