शिक्षकभरती : स्पर्धा नव्हे, अनिश्चितता जाचक

शिक्षकी पेशाशी अहिल्यानगर जिल्ह्याचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात सिंथिया फॅरार यांनी नगरमध्ये मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याच संस्थेत घेतले. पुढे रयत शिक्षण संस्था आणि अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज यांच्यासारख्या संस्थांनी खेड्यापाड्यांत विद्यालये उभी केली. जामखेड, कर्जत, पाथर्डी यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील कोरडवाहू कुटुंबांच्या दृष्टीने घरातला मुलगा किंवा मुलगी ‘गुरुजी’ वा ‘बाई’ होणे म्हणजे पावसाच्या लहरीतून झालेली पहिली सुटका होती. हीच वाट आज कमालीची अरुंद झाली आहे. ती अरुंद आहे याहीपेक्षा ती केव्हा उघडेल हे कोणालाच सांगता येत नाही, ही खरी व्यथा आहे.

1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे सोपविले गेले. त्यानंतर कित्येक वर्षे डी.एड.ला गुणवत्तेवर प्रवेश मिळणे म्हणजे नोकरीची निम्मी लढाई जिंकणे, असेच समीकरण होते. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात खासगी अध्यापक विद्यालयांचे पेव फुटले आणि हे समीकरण कोलमडले. पदविका वाटल्या गेल्या. पदे मात्र त्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते. त्यातच ऑक्टोबर 2011 मधील राज्यव्यापी पटपडताळणीने अनेक शाळांचे हजेरीपट फुगविलेले असल्याचे उघड केले. मुले केवळ कागदावर होती. त्यामुळे त्यांच्या नावावर मंजूर झालेले शिक्षक अतिरिक्त ठरू लागले. त्यांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती नको, या भूमिकेतून 2 मे 2012 रोजी शासनाने भरतीवर निर्बंध घातले. पट फुगविला संस्थाचालकांनी. शिक्षा भोगली ती त्या वेळी अध्यापक विद्यालयांच्या बाकांवर बसलेल्या निरपराध मुलामुलींनी!

त्यानंतर परीक्षांचे पर्व सुरू झाले. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुषंगाने आलेली शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच ‘टीईटी’, महाराष्ट्रात 2013 पासून घेतली जाऊ लागली. तिच्यावर 2017 मध्ये दोनशे गुणांच्या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचा मजला चढला आणि भरतीचे काम ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीकडे गेले. पदविका, पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, प्राधान्यक्रम, गुणवत्तायादी, कागदपत्रांची पडताळणी अशा पायऱ्या चढून उमेदवार शाळेच्या दारात पोहोचतो.

या व्यवस्थेचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पूर्वी खासगी अनुदानित शाळेतील जागेसाठी ‘देणगी’ची भाषा उघडपणे बोलली जाई आणि त्यापायी बापाला जमीन विकावी लागे. जिल्हा परिषदेतील नेमणुकीसाठी आज गुणांवाचून दुसरे भांडवल लागत नाही, ही मोठीच कमाई आहे. पण परीक्षा झाली म्हणजे पावित्र्य आले, असेही नाही. 2019-20 च्या पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर 2022 मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई करावी लागली. खोट्याने मिळविलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रामागे रात्रीचा दिवस करणाऱ्या कोणा अभ्यासूचा विश्वास तडा गेलेला असतो.

त्याहूनही मोठा दोष कालक्रमाचा आहे. पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली. निवडीची पहिली यादी लागली ती ऑगस्ट 2019 मध्ये. दुसऱ्या चाचणीला 2023 उजाडले आणि यादीसाठी फेब्रुवारी 2024 पर्यंत थांबावे लागले. तिसरी चाचणी 2025 च्या मे-जूनमध्ये झाली. या चाचण्यांना दोन लाखांच्या घरात उमेदवार बसतात. जागा काही हजार असतात. ही स्पर्धा तीव्र आहे खरी. पण स्पर्धेला निदान तारीख तरी असावी! येथे पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांचे अंतर पडले आणि वयोमर्यादा मात्र कोणासाठी थांबत नाही.

ही पाच वर्षे उमेदवाराने कशी काढावी? कोणी तासिका तत्त्वावर शिकवितो, कोणी विनाअनुदानित शाळेत अनुदानाच्या आशेवर नाममात्र मानधनात राबतो, कोणी शिकवणीवर्ग चालवितो. निवड झालीच तर ती अनेकदा घरापासून शेकडो मैलांवर. आणि तीही आरंभी शिक्षणसेवक म्हणून. 2023 मध्ये वाढ होऊन प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सोळा हजार रुपये झाले. त्याआधी बराच काळ ते सहा हजारच होते. तीन वर्षे अशा मानधनावर भाड्याचे घर आणि गावाकडचे आईवडील यांचा मेळ कसा घालायचा, याचे गणित कोणत्याही अभियोग्यता चाचणीत विचारले जात नाही.

शासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. मराठी शाळांचा पट घसरतो आहे, संचमान्यता विद्यार्थिसंख्येवर ठरते, बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, न्यायालयीन वाद असतात. पदविका मिळविणाऱ्या प्रत्येकाला नोकरी देणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. पण मग हे सत्य अध्यापक विद्यालयाच्या दारातच सांगितले पाहिजे. पुढील काही वर्षांत किती शिक्षक निवृत्त होणार, हे सेवापुस्तकांवरून आजही मोजता येते. त्या हिशेबाने प्रवेशक्षमता ठरवावी, चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्यावी आणि जूनची घंटा वाजण्यापूर्वी नेमणुका द्याव्यात. यासाठी नवा कायदा नको. केवळ शिस्त हवी.

हा प्रश्न बेकारांचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. अकोल्याच्या डोंगराळ भागात एकच शिक्षक जेव्हा चार इयत्ता एका खोलीत सांभाळतो, तेव्हा रिकाम्या जागेची किंमत पहिलीतले मूल मोजत असते. एकीकडे शिकविण्यास उत्सुक तरुण वाट पाहतो आणि दुसरीकडे शिकण्यास उत्सुक मूल वाट पाहते. या दोघांच्या मध्ये पडलेली फाईल वेळेवर हलविणे, एवढीच अपेक्षा आहे. उमेदवार पस्तिशीतही पुन्हा परीक्षा देऊ शकतो. मुलाची पहिलीची इयत्ता मात्र पुन्हा येत नाही.